कोल्हापूर ते नागपूर विमानानं: अंतर किती, वेळ किती, आणि हा हिशेब स्वतः कसा मांडायचा

कोल्हापूर ते नागपूर अंतर किती, या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घालत गेलात तर बाराशे किलोमीटरच्या वर. सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ करत गाडीनं गेलात तर आठशेच्या आसपास. आणि उजळाईवाडीच्या धावपट्टीपासून सोनेगावच्या धावपट्टीपर्यंत सरळ रेघ ओढली तर साधारण ७०२.

घोळ होतो तो या तिसऱ्या आकड्यावरून. जेट विमान तासाला आठशे किलोमीटर जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं. सातशेला आठशेनं भागलं की बावन्न-त्रेपन्न मिनिटं येतात. मग तिकिटावर दीड तास दिसला की वाटतं, कंपनी उगाच वेळ वाढवून सांगते. थोडी वाढवते हे खरं, पण उरलेल्या मिनिटांना प्रत्येकी काहीतरी कारण असतं. ती कारणं कळली की कुठल्याही दोन विमानतळांचा हिशेब स्वतःला मांडता येतो, आणि पुढची गाडी, लग्नाची वेळ किंवा कोर्टाची तारीख गाठायची असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. कोल्हापूर-नागपूर ही जोडी मुद्दाम घेतली आहे. राज्याची दोन टोकं, मधे सह्याद्रीच्या पायथ्यापासून विदर्भापर्यंतचा सगळा मुलूख, आणि एका टोकाला लहान धावपट्टी तर दुसऱ्याला मोठी.

आधी दोन बिंदू नक्की करा

अंतर शहरांमधलं नव्हे, धावपट्ट्यांमधलं मोजायचं. कोल्हापूरचा विमानतळ शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर, पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून उजळाईवाडीत आहे. नागपूरचा सोनेगावला, शहराच्या नैर्ऋत्येला आहे. सातशे किलोमीटरमध्ये हे आठ-दहा किलोमीटर खपून जातात, पण दोनशे-तीनशेच्या टप्प्यावर ते टोचायला लागतात.

तिकिटाच्या साइटवर विमानतळ ओळखायचा तो तीन अक्षरी कोडनं: कोल्हापूर केएलएच, नागपूर एनएजी. पायलट आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) वापरतात ते चार अक्षरी कोड वेगळे: व्हीएकेपी आणि व्हीएएनपी. नकाशाच्या किंवा विमानांचा माग काढणाऱ्या साइटवर तीन अक्षरांनी काही सापडलं नाही तर ही चार अक्षरं टाकून बघा.

आता अक्षांश-रेखांश. कोल्हापूर विमानतळ १६ अंश ३९ मिनिटं ५३ सेकंद उत्तर आणि ७४ अंश १७ मिनिटं २२ सेकंद पूर्व. नागपूर २१ अंश ५ मिनिटं ३२ सेकंद उत्तर आणि ७९ अंश २ मिनिटं ५० सेकंद पूर्व.

इथं एक खड्डा आहे, आणि त्यात हमखास पाय पडतो. ३९ मिनिटं ५३ सेकंद म्हणजे ०.३९५३ अंश नव्हे. मिनिटांना ६० नं आणि सेकंदांना ३६०० नं भागायचं: ३९ भागिले ६० म्हणजे ०.६५, ५३ भागिले ३६०० म्हणजे ०.०१५, एकूण ०.६६५. म्हणजे कोल्हापूर १६.६६ वर येतं. १६.३९ लिहिलंत तर विमानतळ तिथल्या तिथे तीस किलोमीटर दक्षिणेला सरकतो. दशांशात मांडलेले चारही आकडे असे: कोल्हापूर १६.६६ आणि ७४.२९, नागपूर २१.०९ आणि ७९.०५.

मोबाइलवर हे सगळं आयतं मिळतं. गूगल मॅप्समध्ये धावपट्टीच्या मध्यावर बोट दाबून धरलं की दशांशातले आकडे येतात, आणि ‘अंतर मोजा’ हा पर्याय वापरून दुसरा बिंदू टाकला की किलोमीटरही येतात. तरी एकदा हातानं गणित करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढची पायरी समजायला त्याची मदत होते.

कागदावर अंतर

विमानाच्या जगात किलोमीटर चालत नाहीत, नॉटिकल मैल चालतात. हे एकक मुळात पृथ्वीच्या अंशावरूनच बेतलेलं आहे: उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

उत्तरेकडचा फरक: २१.०९ वजा १६.६६ म्हणजे ४.४३ अंश. गुणिले ६०, आले २६६ नॉटिकल मैल.

पूर्वेकडचा फरक: ७९.०५ वजा ७४.२९ म्हणजे ४.७६ अंश. याला नुसतं ६० नं गुणून भागत नाही, कारण विषुववृत्तापासून वर सरकावं तसं दोन रेखांशांमधलं अंतर आकसत जातं. किती आकसतं हे अक्षांशाच्या कोसाइनवरून ठरतं. दोन ठिकाणांच्या मधला अक्षांश घ्यायचा. इथं तो १८.९ च्या आसपास येतो, त्याचा कोसाइन ०.९४६. म्हणजे ४.७६ गुणिले ६० गुणिले ०.९४६, आले २७०.

कोसाइन दर वेळी शोधत बसायला नको म्हणून आपल्या भागापुरते आकडे लिहून ठेवा: १६ अंशांना ०.९६१, १८ ला ०.९५१, २० ला ०.९४०, २२ ला ०.९२७. गोव्यापासून गोंदियापर्यंत एवढ्यात सगळं बसतं.

मग शाळेतला पायथागोरस. २६६ चा वर्ग अधिक २७० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: ३७९ नॉटिकल मैल. गुणिले १.८५२ म्हणजे ७०२ किलोमीटर.

एखादी साइट ७०१ दाखवेल, एखादी ७०२. पृथ्वीला गोल चेंडू मानलं की एक उत्तर येतं, ध्रुवांपाशी जराशी चपटी मानलं की दुसरं. त्या एका किलोमीटरवरून वाद घालण्यात अर्थ नाही. हा सपाट कागदावरचा हिशेब हजारेक किलोमीटरपर्यंत बिनधास्त वापरा. मुंबई-लंडनसाठी मात्र तो चालत नाही, तिथं गोलाचं गणितच लागतं.

उत्तरेचे २६६ आणि पूर्वेचे २७० जवळपास सारखे आहेत, हेही लक्षात घ्या. याचा अर्थ कोल्हापूरहून नागपूर जवळजवळ नेमकं ईशान्येला आहे. ही दिशा पुढं वाऱ्याच्या हिशेबात लागेल.

या रेघेखाली काय येतं

नकाशावर ही रेघ काढली की ती सांगली-मिरजेच्या अंगानं निघते आणि पाव अंतरावर पंढरपूर आणि मोहोळ यांच्या मधून जाते. धाराशिव उजवीकडे थोडं बाजूला राहतं. बरोबर मध्यबिंदू परळी वैजनाथ आणि गंगाखेड यांच्या मधे पडतो. गोदावरी तिथंच ओलांडायची. पाऊण अंतरावर पुसद आणि आर्णीच्या मधला टापू, मग यवतमाळ डाव्या हाताला, आणि वर्धा शहर जवळजवळ थेट रेघेखाली. वाटेत भीमा, गोदावरी, पैनगंगा, वर्धा अशा नद्या. खिडकीशी बसलेल्याला पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ दिवशी त्या ओळखता येतात. सकाळच्या विमानानं नागपूरकडे निघालात तर उजव्या बाजूला ऊन येतं, तेव्हा बाहेर बघायचं असेल तर डावी खिडकी घ्या.

खरं विमान अगदी या रेघेवरून जाईलच असं नाही, त्यामुळे परळीचं औष्णिक केंद्र दिसलं नाही म्हणून वाट चुकली असं समजू नका.

सरळ रेघ आणि खरी वाट

प्रत्यक्षात विमान ठरलेल्या बिंदूंवरून जातं, मधे वायुदलाचं राखीव आकाश असेल तर ते टाळतं, समोर ढगांचा मोठा डोंगर असेल तर वळसा घालतं. त्यापेक्षा जास्त फरक पडतो तो दोन्ही टोकांना, आणि तिथं धावपट्टीची दिशा कामाला येते.

विमान वाऱ्याला सामोरं जात उडतं आणि उतरतं. कोल्हापूरची धावपट्टी ०७-२५ आहे, म्हणजे एका बाजूनं निघालं तर तोंड ७० अंशांकडे, साधारण पूर्वेला. दुसऱ्या बाजूनं निघालं तर २५० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेला. नागपूर आहे ४५ अंशांवर. वारा पूर्वेचा असला तर विमान उडतं तेच जवळजवळ नागपूरच्या दिशेनं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. मग विमान आधी पश्चिमेला उडतं आणि मग वळून उलटं येतं. तीन-चार मिनिटं तिथंच गेली. नागपूरची धावपट्टी १४-३२ आहे, म्हणजे वायव्य-आग्नेय. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या विमानाला ती आडवी पडते, त्यामुळे कुठल्याही बाजूनं उतरायचं तरी बाजूला जाऊन वळावं लागतंच.

या सगळ्यासाठी सरळ अंतरात सहा-सात टक्के मिळवा. ३७९ चे झाले ४०५ नॉटिकल मैल, म्हणजे साडेसातशे किलोमीटर. एवढ्यावर पुढचा हिशेब.

वेळेचे तीन तुकडे

कमी अंतराच्या उड्डाणात विमान पूर्ण वेगानं फार थोडा वेळ जातं. जीपच्या घाटासारखंच: चढ आणि उतार यातच वेळ जातो, माथ्यावरची सपाटी थोडीच असते. म्हणून सगळ्या अंतराला एकाच वेगानं भागायचं नाही, तीन तुकडे करायचे. आधी लहान जेट घेऊ, सत्तर-ऐंशी आसनांचं एम्ब्रेअर धरा.

पहिला तुकडा चढणीचा. दहा हजार फुटांखाली २५० नॉटची (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) वेगमर्यादा असते, त्यामुळे सुरुवातीला विमान आपल्या ताकदीच्या मानानं हळूच जातं. कोल्हापूरपासून तेहतीस हजार फुटांपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटं आणि शंभर-एकशेपाच नॉटिकल मैल लागतात. म्हणजे विमान वर पोहोचेपर्यंत खाली पंढरपूर-मोहोळ मागं पडलेलं असतं. तेहतीसच का? पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम हजारांची उंची देतात, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम. त्यामुळे परतीच्या विमानात कॅप्टन बत्तीस किंवा चौतीस हजार सांगेल.

शेवटचा तुकडा उतरणीचा, आणि तो मधल्याच्या आधी मोजायचा. पायलटांचा सोपा नियम आहे: जितके हजार फूट उतरायचं त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी उतरायला लागायचं. सोनेगाव समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे. तेहतीसमधून एक वजा, बत्तीस. बत्तीस त्रिक शहाण्णव. म्हणजे नागपूर शंभरेक नॉटिकल मैल, साधारण १८५ किलोमीटर राहिलं असतानाच इंजिनाचा आवाज खाली येतो आणि कानात दडा बसायला लागतो. नकाशावर ती जागा पुसदच्या थोडी पुढं येते. सोनेगाव यायला अजून पंचवीस मिनिटं असतात आणि शेजारचे काका मात्र ‘आलं वाटतं नागपूर’ म्हणून मोबाइल काढतात. उतरण आणि धावपट्टीशी जुळवून घेण्याचं वळण मिळून १२० नॉटिकल मैल आणि पंचवीस मिनिटं धरा.

उरला मधला तुकडा: ४०५ वजा १०५ वजा १२०, म्हणजे १८० नॉटिकल मैल. इथं वेग ४४० नॉट, तासाला आठशेच्या थोडा वर. १८० भागिले ४४० गुणिले ६०, झाली पंचवीस मिनिटं. ज्या वेगाच्या जोरावर आपण बावन्न मिनिटांचं गणित मांडलं होतं तो वेग सबंध प्रवासात एवढाच वेळ मिळतो. चहाची गाडी मधल्या रांगेपर्यंत येते न येते तोच सीटबेल्टचा दिवा लागतो, त्याचं कारण हेच.

वीस, पंचवीस, पंचवीस: सत्तर मिनिटं हवेत.

पंख्याचं विमान असेल तर

लहान विमानतळांवर एटीआर ७२ हमखास भेटतं. त्याचा वेग २६५-२७५ नॉट, म्हणजे तासाला पाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि ते अठरा-वीस हजार फुटांवरूनच जातं. चढायला अठरा मिनिटं नि ६० नॉटिकल मैल, उतरायला एकोणीस मिनिटं नि ७० मैल, मधले २७५ मैल २६५ नॉटनं बासष्ट मिनिटं. एकूण शंभर मिनिटांना एक कमी. जेटच्या साठ टक्केच वेग नि वेळ मात्र अर्ध्या तासानंच जास्त, याचं आश्चर्य वाटायला नको, कारण त्याची चढण-उतरण लवकर आटोपते. अंतर जितकं कमी तितका हा फरक आणखी घटतो. कोल्हापूर-मुंबईला, म्हणजे सरळ ३०८ किलोमीटरला, दोन्हींमध्ये दहा-पंधरा मिनिटांचाच फरक राहतो. म्हणून ‘पंख्याचं विमान आहे, नको’ असं म्हणणाऱ्यांना मी अंतर विचारतो. चारशे किलोमीटरच्या आत असेल तर तक्रारीला जागा नाही.

वारा आणि ऊन

हिवाळ्यात महाराष्ट्रावर उंचावर पश्चिमेचे वारे असतात. साठ नॉटचा पश्चिम वारा धरला आणि आपण ईशान्येला निघालो आहोत, तर त्यातला सुमारे ७० टक्के भाग, म्हणजे ४२ नॉट, पाठीवर येतो. येताना तेवढाच छातीवर. ऐकायला मोठं वाटतं, पण सपाटीचा तुकडा पंचवीस मिनिटांचाच असल्यामुळे जाण्या-येण्यातला फरक सगळा मिळून दहा मिनिटांच्या आसपास राहतो. लांबच्या प्रवासात वारा तास तास खातो. इथं त्याच्यावर डोकं खपवू नका.

उन्हाळ्याचं मात्र वेगळं आहे. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो. कोल्हापूरचा विमानतळ दोन हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे, आणि धावपट्टी वाढवल्यानंतरही १९०० मीटरच्या थोडी पुढंच. नागपूरची ३२०० मीटर. मे महिन्याच्या दुपारी लहान धावपट्टीवरून पूर्ण भरलेलं विमान उडवता येईलच असं नाही. कधी वजन कमी करावं लागतं, म्हणजे काही आसनं रिकामी किंवा काही सामान मागं. नागपूरला धावपट्टी ऐसपैस आहे, पण पारा पंचेचाळीसला टेकतो. तेव्हा उन्हाळ्यात सकाळचं विमान घ्या. हवाही कमी हलते आणि पोटही जागेवर राहतं.

तिकिटावरची वेळ

तिकिटावर लिहिलेला कालावधी हवेतला नसतो. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढून ते जागेवरून हललं तिथपासून, पोहोचून पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा असतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात.

आपल्या सत्तर मिनिटांत निघतानाची दहा आणि पोहोचल्यावरची पाच मिनिटं टाका, झाली पंच्याऐंशी. लहान विमानतळावर समांतर टॅक्सी मार्ग नसेल तर विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत चालत जातं आणि तिथं वळून उभं राहतं. त्याच वेळी दुसरं उतरणार असेल तर थांबणं आलंच. कंपनी यात आणखी पाच-दहा मिनिटं उशी म्हणून घालते, कारण वेळेवर पोहोचलं की नाही हे वेळापत्रकाच्या पंधरा मिनिटांच्या आत पोहोचण्यावर मोजतात. म्हणून जेटला दीड तास आणि एटीआरला दोन तासांच्या आसपास छापलेलं दिसलं तर ते बरोबर आहे. विमान दहा मिनिटं आधी पोहोचलं की केबिन क्रू कौतुकानं घोषणा करतो. ती दहा मिनिटं आधीच हिशेबात धरलेली असतात.

सगळी आकडेमोड नको असेल तर मी वापरतो तो ठोकताळा घ्या. जेट असेल तर सरळ किलोमीटरला ८०० नं भागा आणि ३५ ते ४० मिनिटं मिळवा. एटीआर असेल तर ४९० नं भागा आणि ३० मिळवा. कोल्हापूर-हैदराबाद सरळ ४४५ किलोमीटर, एटीआरनं: चोपन्न अधिक तीस, म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटं. मुंबई-नागपूर ६८३ किलोमीटर, जेटनं: एक्कावन्न अधिक सदतीस, म्हणजे दीड तासाला दोन मिनिटं कमी. वेळापत्रकाशी ताडून पाहा, पाच-सात मिनिटांत जुळेल.

हा ब्लॉक टाइम नुसता माहितीसाठी नसतो, प्रवाशाचे हक्कही त्याला बांधलेले आहेत. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेल्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं द्यावं लागतं. महाराष्ट्रातली सगळी अंतर्गत विमानं यात बसतात. विमान रद्द झाल्याची सूचना कंपनीनं वेळेत दिली नाही तर भरपाई आहे, आणि तिचे टप्पे असे: ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५०० रुपये, दोन तासांच्या वर १०,००० रुपये. अर्थात ही रक्कम आणि मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी ते मिळतं, आणि तिकिटाचा परतावा वेगळा. हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर ही भरपाई मिळत नाही. पावसाळ्यात कोल्हापूरला ढग खाली आले आणि विमान रद्द झालं तर परतावा किंवा दुसरं विमान, एवढंच. काउंटरवर भांडायला जाण्याआधी तिकिटावरचे दोन आकडे बघा, निघण्याची नि पोहोचण्याची वेळ, म्हणजे आपण कुठल्या टप्प्यात आहोत ते कळतं.

सरकारही भाड्याचा विचार करताना वेळ आणि अंतर हेच दोन आकडे धरतं. मे २०२० मध्ये लॉकडाउननंतर विमानं सुरू झाली तेव्हा भाड्यांच्या मर्यादा उड्डाणाच्या मिनिटांवरून ठरवल्या होत्या, चाळीस मिनिटांच्या आतली, चाळीस ते साठ, साठ ते नव्वद अशा सात गटांत. त्या ऑगस्ट २०२२ अखेर उठल्या. लहान शहरं विमानानं जोडण्याच्या उडान योजनेत भाड्याच्या मर्यादेला आधार आहे अंतराच्या टप्प्यांचा, आणि ती विमानातल्या ठरावीक आसनांनाच लागू असते. त्या मार्गांना अनुदान साधारण तीन वर्षं मिळतं. ते संपलं की मार्ग टिकेलच याची खात्री नसते, म्हणून लहान विमानतळांवरची विमानं अशी येतात नि जातात.

थेट विमान त्या दिवशी नसेल तर

वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. सहा महिन्यांपूर्वी मंगळवारी असलेलं विमान आता बुधवारी असू शकतं किंवा नसूही शकतं. एप्रिल आणि नोव्हेंबरची तिकिटं काढताना नवं वेळापत्रक आलं आहे ना ते बघूनच पैसे भरा. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा अख्खं मंत्रालय तिकडं सरकतं आणि आसनं मिळेनाशी होतात.

थेट नसेल तर सवयीनं सगळे मुंबईमार्गे बघतात. कोल्हापूर-मुंबई ३०८ आणि मुंबई-नागपूर ६८३, बेरीज ९९१ किलोमीटर. आता हैदराबाद बघा: ४४५ अधिक ४३१, म्हणजे ८७६. शंभराहून जास्त किलोमीटर कमी. वेळेत हा फरक फार मोठा पडत नाही, खरा फायदा वेगळाच आहे. हैदराबादला एकच टर्मिनल आहे. मुंबईत मात्र दोन टर्मिनल आहेत, आणि एका कंपनीचं विमान टी-वन वर नि दुसरीचं टी-टू वर असेल तर बाहेर पडून, रस्त्यानं जाऊन, पुन्हा सुरक्षा तपासणी.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर काढा. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं तर एका पीएनआरवर पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही नुसते न आलेले प्रवासी. वेगळी काढायचीच असतील तर मधे किमान तीन तास ठेवा, पावसाळ्यात चार.

याच नागपूरला एके काळी सगळ्या देशाची विमानं रात्री भेटायची. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला जमत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाच्या मधोमध असण्याचा फायदा तेव्हा असा घेतला जात होता. आज त्याच नागपूरला कोल्हापूरहून जायला कधी हैदराबादला वळसा घालावा लागतो.

घरापासून घरापर्यंत

आता हे सगळं एका ओळीत आणू. कोल्हापूर शहरातून उजळाईवाडी पंचवीस मिनिटं, शाहू नाक्यावर गर्दी असेल तर पस्तीस. चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्या निघण्याच्या तासभर आधी बंद करतात, म्हणून दीड तास आधी पोहोचा. लहान विमानतळ आहे म्हणून अर्ध्या तासात उरकेल अशा भ्रमात राहू नका. रांग लहान असली तरी काउंटर बंद होण्याची वेळ तीच असते. मग ब्लॉक टाइम नव्वद मिनिटं. सामान यायला वीस. सोनेगावहून सीताबर्डीला टॅक्सीनं पंचवीस मिनिटं. विमानतळाजवळ मेट्रोचं स्टेशन आहे, पण टर्मिनलपासून तिथवर जायची सोय बघावी लागते, तेव्हा हातात एकच बॅग असेल तर मेट्रोचा विचार करा.

२५, ९०, ९०, २०, २५. बेरीज अडीचशे मिनिटं, म्हणजे चार तास दहा मिनिटं. त्यातली हवेतली सत्तर. हैदराबादमार्गे, मधे दोन तास थांबा धरून, सव्वासात-साडेसात तास. रस्त्यानं न थांबता गेलात तरी चौदा-पंधरा तास, आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसनं एक रात्र नि जवळजवळ एक दिवस.

हा हिशेब तुमच्या गावापासून मांडा. निघणारा सांगलीचा असेल तर सुरुवातीला सव्वा तास धरा, पोहोचणारा अमरावतीचा असेल तर शेवटी तीन तास. अशा वेळी मधली नव्वद मिनिटं दहा मिनिटांनी कमी करणारं विमान शोधण्यापेक्षा निघण्याची वेळ सोयीची असलेलं विमान शोधणं जास्त फायद्याचं. रात्री साडेनऊला नागपूरला उतरून अमरावती गाठायचं म्हणजे घरी पोहोचेपर्यंत तारीख बदललेली असते.

निघण्याच्या आदल्या दिवशी आणखी एक गोष्ट करा. फ्लाइटरडार२४ वर आपल्या विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांत ते किती वाजता निघालं नि किती वाजता टेकलं हे दिसतं. रोज चाळीस मिनिटं उशीर होत असेल तर तुमच्या दिवशीही होणार असं धरून पुढचं ठरवा. त्याच पानावर तुमचं विमान आधी कुठून येतं तेही कळतं. प्रादेशिक मार्गांवर एकच विमान दिवसभर पाच-सहा टप्पे करतं, आणि सकाळी पहिल्या गावात झालेला उशीर संध्याकाळपर्यंत साठत जातो. पुढच्या कामाची वेळ कडक असेल तर त्या विमानाचा दिवसातला पहिला किंवा दुसरा टप्पा घ्या. शेवटचा घेऊ नका, कारण काही लहान विमानतळ ठरावीक तासच चालू असतात. परतीचं विमान तोवर कोल्हापूरला पोहोचलं नाही तर ते बेळगावला किंवा पुण्याला वळवलं जातं, आणि तिथून कोल्हापूरला येताना विमानाचा काही संबंध राहत नाही, बसच असते.